पर्यायी नोकरी, कामगारकपातीतील
कामगार अतिरिक्त ठरल्यास किंवा उद्योगाची मालकी बदलल्यास, त्याला सेवामुक्त करण्याऐवजी देऊ केलेले दुसरे काम. असे काम नाकारल्यास नुकसानभरपाईचा हक्क उरतो की नाही, हा यातील मूळ प्रश्न होय. त्याचे उत्तर काम कोणत्या प्रसंगी देऊ केले, यावर अवलंबून असते.

औद्योगिक विवाद अधिनियम, १९४७ मध्ये तीन प्रसंग वेगळे मानले होते. पहिला ले-ऑफचा. यात कामगाराचे नाव हजेरीपटावर कायम राहते. परंतु कच्चा माल, कोळसा, वीज इत्यादींच्या अभावी मालक त्यास काम देऊ शकत नाही. अशा वेळी मूळ वेतन व महागाई भत्ता यांच्या निम्मी भरपाई मिळे. पर्यायी काम नाकारल्यास ती बुडे, मात्र ते काम त्याच आस्थापनेत, अथवा त्याच मालकाच्या त्याच गावातील वा पाच मैलांच्या (सु. ८ किमी.) आतील दुसऱ्या आस्थापनेत असावे, त्यास विशेष कौशल्य वा पूर्वानुभव लागू नये आणि वेतन पूर्वीइतकेच असावे, अशा अटी होत्या. उदा., नंदुरबार जिल्ह्यातील शहादा येथील सूतगिरणीच्या कामगारास त्याच मालकाने नवापूर येथे काम देऊ केले, तर अंतर या मर्यादेबाहेरचे असल्याने नकारामुळे भरपाई जात नाही. हंगामी ठरविलेल्या आस्थापनांना ले-ऑफच्या या तरतुदी लागू नव्हत्या. ऊस गाळणाऱ्या कारखान्यांच्या परिसरात हा भेद महत्त्वाचा ठरतो.

दुसरा प्रसंग कपातीचा. किमान एक वर्ष अखंड सेवा झालेल्या कामगारास एक महिन्याची लेखी सूचना अथवा तितके वेतन आणि सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचे सरासरी वेतन देणे आवश्यक असे. पर्यायी काम नाकारल्यास ही भरपाई बुडेल, अशी अट कपातीच्या कलमात नव्हती. सामान्यतः शेवटी आलेल्यास प्रथम कमी करावे व पुन्हा भरती करताना कपात झालेल्यांस अग्रक्रम द्यावा, असाही नियम होता.

तिसरा प्रसंग हस्तांतरणाचा. मिरज–लातूर या अरुंदमापी मार्गावरील बार्शी लाइट रेल्वे १ जानेवारी १९५४ रोजी कंपनीकडून सरकारकडे गेली. कंपनीने कामगारांच्या सेवा आदल्या दिवशी समाप्त केल्या. सरकारने त्यांपैकी बहुतेकांस सामावून घेतले; काहींस मात्र कमी वेतनश्रेणी मिळाली. कामगारांनी कपातीची भरपाई मागितली. चालू उद्योगातील अतिरिक्त कामगारांस कमी करणे म्हणजेच कपात, असा अर्थ लावून सर्वोच्च न्यायालयाने २७ नोव्हेंबर १९५६ रोजी ही मागणी अमान्य केली. या निर्णयाने उघड झालेली उणीव १९५७ च्या दुरुस्तीने दूर केली. सेवा खंडित न होणे, सेवाशर्ती पूर्वीपेक्षा कमी लाभदायक नसणे आणि पुढे कपात झाल्यास मागील सेवाही धरून भरपाई देण्यास नवा मालक बांधील असणे, या तिन्ही गोष्टी असतील तरच हस्तांतरणाची भरपाई टळते. एकीचाही अभाव असल्यास ती द्यावी लागते.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून या अधिनियमाची जागा औद्योगिक संबंध संहिता, २०२० ने घेतली. उपर्युक्त मुख्य तत्त्वे तिच्यात कायम आहेत. कपातीपूर्वी सरकारची परवानगी घेण्याचे बंधन आता ३०० वा अधिक कामगारांच्या, हंगामी नसलेल्या कारखान्यांना, खाणींना व मळ्यांना आहे. पूर्वीच्या केंद्रीय अधिनियमात ही मर्यादा १०० होती. कपात झालेल्या प्रत्येक कामगारामागे १५ दिवसांचे वेतन पुनःकौशल्य निधीत भरण्याची नवी तरतूदही आहे. धोरणाच्या नावाखाली दुष्ट हेतूने केलेली बदली ही अनुचित कामगार प्रथा ठरते. महाराष्ट्रात १९७१ च्या अधिनियमानेच ती तशी ठरविली होती.

ब्रिटनमध्ये १९९६ च्या कायद्यानुसार नवे काम पारखण्यासाठी चार आठवड्यांची मुदत मिळते. मात्र योग्य काम विनाकारण नाकारल्यास भरपाई जाते. भारतीय कायद्यात अशी मुदत नाही. त्यामुळे कामाचे ठिकाण, वेतन आणि मागील सेवेची गणना या बाबी लेखी घेतल्यानंतरच संमती देणे कामगाराच्या हिताचे ठरते.