आंबवडे ते चांदोली : गाडी ठरविण्यापूर्वीचा हिशेब

भोर तालुक्यातील आंबवडे हे गाव बाहेरच्या लोकांस नागेश्वराचे देऊळ, संस्थानकाळातील झुलता पूल आणि कान्होजी जेधे यांची समाधी यांमुळे माहीत आहे. आम्हा कापडवाल्यांस ते भोरहून मांढरदेवमार्गे वाईकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे, उधारी वेळेवर चुकविणाऱ्या गिऱ्हाइकांचे गाव म्हणून माहीत. अलीकडे तेथे आणि भोरच्या पेठेत एक नवीन विचारणा सुरू झाली आहे. चांदोलीच्या जंगलात जायचे तर गाडी कोणती करावी, खर्च किती येईल, आणि एका दिवसात परत येता येईल काय?

या विचारणेस कारण आहे. २०२५ च्या नोव्हेंबरात ताडोब्याच्या बाजूची एक वाघीण रस्त्याने आणून चांदोलीत ठेवण्यात आली. वर्तमानपत्रांत छायाचित्रे आली आणि ज्यांनी चांदोलीचे नाव फक्त धरणामुळे ऐकले होते, त्यांनाही तेथे राष्ट्रीय उद्यान असल्याचे समजले. वास्तविक तेथील अभयारण्य १९८५ चे, त्याचे राष्ट्रीय उद्यान २००४ साली झाले आणि २०१० साली कोयना अभयारण्यासह त्याचा सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. क्षेत्रफळ सुमारे ३१८ चौरस किलोमीटर. सांगली, सातारा, कोल्हापूर आणि रत्नागिरी या चार जिल्ह्यांच्या सीमेवर ते पसरलेले आहे. नकाशावर पाहिले तर जवळ वाटते. रस्त्याने तसे नाही.

आमच्या ओळखीच्या अकरा जणांनी या हंगामात जाण्याचा इरादा केला आणि बंदोबस्ताचे काम आमच्याकडे आले. त्या निमित्ताने जी माहिती गोळा झाली आणि जो हिशेब मांडला, तो वाचकांच्या उपयोगी पडावा म्हणून येथे देत आहोत.

प्रथम रस्ता. आंबवड्याहून दोन वाटा आहेत. एक, अंबाडखिंडीचा घाट चढून मांढरदेव, तेथून खाली वाई आणि पाचवडला महामार्ग. दुसरी, मागे भोरला येऊन शिरवळला महामार्ग धरणे व खंबाटकीचा घाट ओलांडणे. पहिली वाट जवळची, पण अरुंद आणि वळणावळणाची. पौष महिन्यात मांढरदेवच्या काळूबाईची मोठी यात्रा भरते. २००५ च्या जानेवारीत तेथे चेंगराचेंगरी होऊन जवळपास तीनशे माणसे दगावली, हे आपल्या भागात कोणी विसरलेले नाही. यात्रेच्या दिवसांत त्या वाटेने जाण्याची तजवीज करूच नये. एरवी सकाळच्या उजेडात घाटाने जावे आणि येताना अंधार पडणार असेल तर शिरवळमार्गे यावे, असे आमचे मत आहे. दोन्ही वाटांनी खेड शिवापूरचा टोलनाका लागत नाही. आनेवाडी आणि तासवडे हे दोन मात्र जाता-येता लागतात.

पुढे सातारा, कराड आणि पेठ नाका. हा रस्ता आम्हास पाठ आहे, कारण इचलकरंजीच्या पॉवरलूमचा माल पाहण्यास आम्ही याच रस्त्याने वर्षानुवर्षे जात आलो आहोत. सातारा ते कराड पन्नास-बावन्न किलोमीटर. सातारा ते कागल सहापदरीकरण सुरू झाल्यापासून मात्र या टप्प्यात घड्याळावर भरवसा राहिलेला नाही. कराडच्या आसपास अर्धा तास जास्तीचा धरावा.

पेठ नाक्यावर महामार्ग सोडला की खरा प्रश्न सुरू होतो. शिराळा, कोकरूड, आरळा असे करीत वारणावतीस पोहोचायचे. धरण तेथेच आहे आणि वन खात्याचे कामकाजही तेथूनच चालते. नकाशावर हे अंतर साठ किलोमीटरच्या आसपास, परंतु वेळ दीड ते दोन तास. वाटेत उसाच्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टर, आणि गळीत हंगाम नेमका जंगल पाहण्याच्या दिवसांतच. डिझेल शिराळ्यातच भरून घ्यावे आणि रोख रक्कमही जवळ ठेवावी. जंगलात फोनला रेंज असेलच असे धरून चालू नये.

सगळे मिळून एका बाजूचे अंतर दोनशे किलोमीटरच्या आसपास पडते. चहा-नाश्त्यासह सहा तास धरावेत. म्हणजे जाऊन-येऊन बारा तास नुसते रस्त्यावर. पुण्या-मुंबईकडील काही टूरवाले लांब लांबच्या सहली "एका दिवसात" म्हणून विकतात. आंबवड्याहून असे करावयाचे तर पहाटे तीनला निघून रात्री उशिरा परत घाट उतरावा लागेल, आणि तोही त्याच चालकाने. मोटार परिवहन कामगार कायदा १९६१ सालचा होता. त्यात चालकाचे काम दिवसाला आठ तास आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती असे ठरवून दिलेले होते. आपण पैसे देतो म्हणून त्याच्या डोळ्यांवरची झोप विकत घेता येत नाही. सबब आम्ही मुक्काम ठरविला.

आता गाडी. आमच्यासमोर दोन प्रस्ताव आले. पहिला असा की, ओळखीच्या दोघांच्या सात आसनी खाजगी गाड्या घ्याव्यात, डिझेल आपण घालावे आणि दिवसाचे काही पैसे त्यांच्या हातावर ठेवावेत. दुसरा, पिवळ्या पाटीची एकच टेम्पो ट्रॅव्हलर रीतसर भाड्याने घ्यावी. पहिला प्रस्ताव बराच स्वस्त होता आणि अकरांपैकी सात जणांचा कौल त्याच्याच बाजूने होता.

आम्ही त्यास विरोध केला. पांढऱ्या पाटीची गाडी पैसे घेऊन प्रवाशांस वापरणे हे मोटर वाहन कायदा १९८८ च्या कलम ६६ प्रमाणे परवान्याशिवायचा धंदा ठरते. पकडले गेल्यास दंड होतो. मोठी गोष्ट त्यापुढची आहे. खाजगी गाडीच्या विम्यात भाड्याने वापर केल्यास संरक्षण नाही, असे कलमच असते. उद्या घाटात काही विपरीत घडले तर विमा कंपनी हात वर करू शकते, आणि नुकसानभरपाईचा बोजा त्या गाडीमालकावर पडतो. मालक म्हणजे आपलाच शेजारी. म्हणजे एका घरी इस्पितळाचे बिल आणि दुसऱ्या घरी कोर्टाची नोटीस. माणशी काही शे रुपये वाचविण्याकरिता एवढी जोखीम घेणे हा व्यापार नव्हे.

पिवळी पाटी पाहिली म्हणजे काम झाले असेही नाही. ज्याप्रमाणे आपण तागा उलगडून पाहिल्याशिवाय घेत नाही, त्याप्रमाणे परवाना, फिटनेस, विमा, पीयूसी आणि चालकाचे लायसन्स यांच्या तारखा पाहून घ्याव्यात. नोंदणीत आसने किती आहेत तेही पाहावे. त्या संख्येत चालक धरलेला असतो, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. चाळीसेक माणसे असतील तर एसटीची गाडी प्रासंगिक करारावर मिळते. तिची चौकशी भोर आगारात करावी.

भाड्याच्या बोलीत एक खाच आहे. गाडीवाले बहुधा दिवसाला किमान तीनशे किलोमीटर धरतात. दोन दिवसांचे सहाशे. आमचे प्रत्यक्ष अंतर जाऊन-येऊन आणि तेथील थोडे फिरणे धरून ४४० होते. म्हणजे १६० किलोमीटरचे पैसे गाडी न चालताच जाणार. घासाघीस करून पाहिली, काही उपयोग झाला नाही. तेव्हा आमच्यातील एका वयस्क व्यापाऱ्याने तोड सुचविली की, पैसे जाणारच आहेत तर पहिल्या दिवशी पेठ नाक्यावरून सरळ पुढे इचलकरंजी करावी. जाऊन-येऊन ते शंभर-सव्वाशे किलोमीटर होते, म्हणजे किमान आकारातच बसते. सकाळी सहाला निघून अकराच्या सुमारास इचलकरंजी, दुपारी दोनपर्यंत बाजार, आणि सूर्य मावळण्यापूर्वी वारणावती. चालकाचे आठ तास त्यात पुरतात. माल मात्र फक्त पाहावयाचा. नमुन्याचे तुकडे पिशवीत आणावेत आणि गाठी नेहमीच्या ट्रान्सपोर्टने मागवाव्यात. प्रवासी गाडीच्या टपावर गाठी लादणे परवान्यात बसत नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे जंगल, आणि बाराच्या आत परतीचा रस्ता. जंगलात कोणती गाडी चालते, किती माणसांमागे एक वाटाड्या घ्यावा लागतो आणि प्रवेशाची वेळ काय, हे वन खात्याच्या कार्यालयात आधी विचारून घ्यावे आणि मुक्कामाची जागाही आधीच पक्की करावी. बरोबरच्यांस एक गोष्ट अगोदर सांगून ठेवावी. हे दाट जंगल आहे. गवा, सांबर, शेकरू दिसले तरी नशीब समजावे. वाघ दिसेल या आशेवर कोणाकडूनही वर्गणी घेऊ नये.

आता ज्या कारणाने हा लेख व्यापाराच्या पानावर येत आहे ते सांगतो. आंबवड्याचा एक तरुण, शिरवळच्या कारखान्यातील नोकरी सुटलेला, कर्जाने गाडी घेऊन चांदोलीच्या सहली चालविण्याच्या विचारात आहे. त्याने आमचा सल्ला विचारला. आम्ही त्याच्यासमोर कागद ठेवला. समजा महिन्याचा हप्ता १८,००० रुपये. वर्षाचे झाले २,१६,०००. एका सहलीत डिझेल, टोल, चालक आणि झीज वजा जाता ४,००० राहिले असे धरू. नुसत्या हप्त्यासाठी वर्षाला ५४ सहली हव्यात. उद्यान १५ जून ते १५ ऑक्टोबर बंद. राहिले आठ महिने, त्यांत शनिवार-रविवार पस्तीसच्या आसपास. प्रत्येक आठवड्यास गाडी भरली तरी १९ सहली कमी पडतात, आणि घरखर्चाचे नाव अद्याप घेतलेले नाही.

तो गप्प झाला. आम्ही त्यास गाडी घेऊ नको असे म्हटले नाही. चांदोली हा जोडधंदा धरावा, असे सांगितले. रायरेश्वर, रोहिडा आणि मांढरदेव ही ठिकाणे त्याच्या दाराशी आहेत, शिरवळच्या कारखान्यांना कामगार नेण्या-आणण्यास गाड्या लागतात, आणि लग्नसराई तर आहेच. कारखान्याचा मासिक करार हाती आल्याशिवाय कर्जाच्या कागदावर सही करू नये, आणि गाडी घेतली तर पहिल्या दिवसापासून पिवळ्या पाटीवर घ्यावी. सध्या तो दोन कारखान्यांत अर्ज देऊन आला आहे.

आमची सहल ठरली. सात जणांपैकी पाच जण टेम्पो ट्रॅव्हलरला राजी झाले, दोघे गळाले. गाडीवाल्यास बयाणा दिला आहे आणि पावतीवर गाडीचा नंबर, परवान्याची मुदत, किमान किलोमीटर, चालकाचा रात्रीचा भत्ता व टोल कोणाकडे, हे सर्व लिहून घेतले आहे. दोन आसने रिकामी आहेत. भोर पेठेतील कोणा कापडवाल्यास इचलकरंजीचा बाजार पाहावयाचा असल्यास दुकानावर येऊन विचारावे.