ल्युदमिला पाखोमोवा आणि तिने निवडलेला 'कच्चा' जोडीदार

टीव्हीवर बर्फावरचं जोडीचं स्केटिंग पाहताना सगळं सारखंच वाटतं. पण ते दोन वेगळे खेळ आहेत बरं का! एकात पुरुष जोडीदार मुलीला डोक्यावर उचलतो, हवेत फेकतो. दुसरा म्हणजे आइस डान्स. यात डोक्याच्या वर उचलायचं नाही, फेकायचं नाही. पाहायचं ते पायांचं काम, ताल आणि दोघांचं जवळ राहून एकत्र सरकणं. त्यामुळे एकाचा कच्चेपणा दुसऱ्याला झाकता येत नाही.

हे लक्षात घेतलं तर पाखोमोवाचा निर्णय किती धाडसी होता ते कळतं. जन्म 1946 चा, मॉस्कोचा. व्हिक्टर रिझकिनबरोबर ती सोव्हिएत संघात विजेती ठरली होती. पण 1966 मध्ये तिने जोडीदार बदलला आणि अलेक्सांद्र गोर्शकोवला घेतलं. तो तिच्यापेक्षा बराच मागे होता. आपण वर्गात गट पाडताना हुशार मुलाशेजारी हुशारच बसवतो, तसाच विचार तेव्हा अनेकांनी केला असणार.

प्रशिक्षक येलेना चायकोव्स्काया स्वतः नाट्यसंस्थेत नृत्यदिग्दर्शन शिकलेल्या. त्या काळी या खेळात ब्रिटिशांचा दबदबा होता. डायान टाउलर आणि बर्नार्ड फोर्ड 1966 ते 1969 सलग चार वेळा जगज्जेते झाले होते. त्यांची शैली बॉलरूमची, नीटनेटकी. चायकोव्स्कायांनी बर्फावर रंगमंच आणला. पाखोमोवाचा चेहरा बोलका, अंगात जोश. गोर्शकोव शांत, ताठ, तिला पुढे होऊ देणारा. त्याचा शांतपणा जोडीच्या उपयोगी पडला.

1970 ते 1974 सलग पाच जागतिक विजेतेपदं! दोघांनी लग्नही 1970 मध्येच केलं. मग 1975 मध्ये गोर्शकोवच्या फुफ्फुसावर शस्त्रक्रिया झाली आणि त्या वर्षीची जागतिक स्पर्धा हुकली. पुढच्याच वर्षी इन्सब्रुकला आइस डान्स ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदाच येणार होता. इतकी वर्षं घासूनपुसून तयार केलेली जोडी नेमक्या त्याच वेळी संपते की काय, असं वाटण्यासारखी परिस्थिती. पण तो परत बर्फावर उतरला. 1976 मध्ये त्यांनी ऑलिंपिकचं सुवर्ण जिंकलं आणि सहावं जागतिक विजेतेपदही.

त्यांनी चायकोव्स्कायांबरोबर बसवलेला 'टँगो रोमँटिका' पुढे सक्तीच्या नृत्यांमध्ये घेतला गेला. म्हणजे जगभरच्या जोड्यांना यांच्या पावलांचा पाठ गिरवावा लागला!

निवृत्तीनंतर पाखोमोवा प्रशिक्षक झाली. 1986 मध्ये कर्करोगाने ती गेली, तेव्हा जेमतेम 39 वर्षांची होती. गोर्शकोव पुढे आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटनेच्या आइस डान्स समितीचा अध्यक्ष झाला. या खेळाचे नियम ठरवणाऱ्यांत तो अनेक वर्षं होता.