म्हैसूरच्या सायकलवाटा

म्हैसूर शहरातून भल्या पहाटे उत्तरेकडे किंवा दक्षिणेकडे सायकलने निघालेल्या नवख्या माणसाला पहिल्या तासाभरात स्वतःच्या प्रकृतीविषयी मोठा विश्वास वाटू लागतो. चाके जणू आपोआप धावत असतात, वारा गार असतो आणि पंधरा-वीस किलोमीटर केव्हा संपले ते कळतही नाही. दहा-साडेदहाच्या उन्हात परत फिरल्यावर मात्र तोच रस्ता लांबलेला भासतो आणि सकाळचा विश्वास शहराच्या वेशीपर्यंत पुरत नाही. यात दोष पायांचाही नसतो आणि सायकलचाही नसतो. कावेरी आणि कपिला या दोन नद्यांच्या मधोमध असलेल्या उंचवट्यावर हे शहर वसले आहे. त्याच्या उत्तर अंगावर पडलेले पावसाचे पाणी कावेरीकडे वाहते, दक्षिण अंगावर पडलेले कपिलेकडे. शहराची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे 770 मीटर आहे. श्रीरंगपट्टणाजवळ कावेरीचे पात्र सुमारे 680 मीटरवर आहे. नदीकडे जाणारा रस्ता हे अंतर उतरतो, आणि सकाळी उधार घेतलेले हे नव्वद मीटर दुपारी सव्याज फेडावे लागतात.

महाराष्ट्रातील सायकलस्वाराला घाट ठाऊक असतो. लाव्हारसाचे थर एकावर एक साचून बनलेला सह्याद्री टप्प्याटप्प्याने उंचावतो. एकदा घाट चढून गेले की माथ्यावर सपाटी लागते आणि श्रमाचे चीज होते. म्हैसूरकडची भूमी या खडकाहून कितीतरी जुनी. अडीच अब्ज वर्षांहूनही जुना असा नाइस जातीचा खडक ऊन-पावसाने झिजून तेथे लाटांसारखी जमीन तयार झाली आहे. एक लाट चढावी, उतरावी, की दुसरी पुढे उभी. कोणतीही चढण फार मोठी नसते, परंतु त्या संपतही नाहीत. दोन लाटांमधील खळगीतून एखादा ओहोळ वाहतो. त्याला कानडीत ‘हळ्ळ’ म्हणतात. ओहोळाला बांध घातला की ‘केरे’ म्हणजे तलाव होतो. वरच्या तलावाचा सांडवा भरून वाहिला की ते पाणी खालच्या तलावात जाते, तेथून त्याखालच्या, आणि अखेर नदीला मिळते. गावातून गावात जाणारा रस्ता पुष्कळदा या तलावांच्या बांधावरूनच जातो. एका हाताला पाणी आणि पाणपक्षी, दुसऱ्या हाताला बांधाखालची भाताची खाचरे, नारळी आणि सुपारी. असा हा रस्ता अर्धा-पाऊण किलोमीटर तरी अगदी सपाट असतो.

सपाट रस्त्याचा खरा लाभ मात्र कालव्याकाठी होतो. कालव्यातील पाणी आपल्या वजनानेच वाहते. त्याला उतार हवा, पण तो अतिशय मंद हवा. उतार फार झाला तर प्रवाह काठ खाऊन टाकील, कमी झाला तर गाळ बसेल. म्हणून हजारो फुटांच्या लांबीत एखादा फूट उतरावे, अशा बेताने कालवा खोदतात. टेकडी आडवी आली तर तो तिला वळसा घालतो, ओहोळ आडवा आला तर त्यावरून जलसेतूने जातो, आणि क्वचित डोंगराच्या पोटातून बोगद्याने पार होतो. त्याच्या काठावरून देखरेखीसाठी केलेली वाटही त्याच्याबरोबर वळत जाते. सरळ रस्त्याने दहा किलोमीटर असलेले अंतर कालव्याकाठाने पंधरा होईल, पण त्यात चढ जवळजवळ नसतोच. वृद्ध, बालके आणि ज्यांना गप्पा मारीत सायकल चालवावयाची आहे, अशांसाठी याहून सोयीची वाट नाही.

या भागात कालव्यांची परंपरा तीन-साडेतीन शतकांची आहे. सतराव्या शतकात कंठीरव नरसराज आणि चिक्कदेवराज या वडियार राजांच्या काळी कावेरीवर ठिकठिकाणी बंधारे घालून पाणी शेतांकडे वळविण्यात आले. चिक्कदेवराजसागर, विरिजा, बंगारदोड्डी हे नाले त्या परंपरेतले. यांपैकी बंगारदोड्डी नाल्याचे पाणी कावेरीच्याच एका शाखेवरून जलसेतूने श्रीरंगपट्टणाच्या बेटावर नेलेले आहे. नदीने स्वतःलाच ओलांडावे असे ते दृश्य क्षणभर थांबून पाहण्यासारखे आहे.

पाण्याच्या याच नियमाने एका थोर कारभाऱ्याची निराशाही केली. टिपूच्या पाडावानंतर संस्थानचे दिवाण झालेले पूर्णय्या यांनी कावेरीचे पाणी कालव्याने थेट म्हैसूर शहरात आणण्याचे मनावर घेतले. ते काम सिद्धीस गेले नाही. शहराची उंची लक्षात घेतली की त्यातील अडचण उमगते. पूर्णय्यांच्या कालव्याचे अवशेष शहराच्या बाजूला राहिले, आणि पुढे तो आसपासचे पावसाचे पाणी कुक्करहळ्ळीच्या तलावात आणून सोडण्यास उपयोगी पडला. आजही म्हैसूरकर जे कावेरीचे पाणी पितात ते होंगळ्ळी, बेळगोळ येथील पंपांनी वर चढविलेले असते. सायकलस्वार जो चढ पायांनी चढतो, तोच पाणी यंत्राने चढते.

म्हैसूरच्या वायव्येस सुमारे वीस किलोमीटरवर कृष्णराजसागर आहे. त्याकडे जाणारा बेळगोळचा रस्ता सायकलस्वारांच्या विशेष आवडीचा. धरणाचे काम 1911 साली सुरू झाले आणि पुरे होण्यास सुमारे दोन दशके लागली. ते उभारणारे सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या हे पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे विद्यार्थी. मुंबई इलाख्याच्या नोकरीत असताना त्यांनी खडकवासल्याच्या धरणासाठी आपोआप उघडणारे दरवाजे योजिले होते, ते 1903 साली बसविण्यात आले आणि तीच योजना पुढे कृष्णराजसागरावर वापरली गेली. धरणाच्या खालच्या बाजूस बेळगोळजवळ बलमुरीचा जुना बंधारा आहे. त्यावरून पाणी रुंद पडद्यासारखे घसरते. तेथून पालहळ्ळीमार्गे रंगनथिट्टूला जाता येते. नदीतील ही लहान लहान बेटे सतराव्या शतकातील बंधाऱ्यामुळेच निर्माण झाली. पक्षितज्ज्ञ सालिम अली यांच्या सूचनेवरून 1940 साली येथे अभयारण्य झाले, आणि 2022 साली रामसर करारातील पाणथळ जागांच्या यादीत त्याचा समावेश झाला. चित्रबलाक, चमचे, बगळे यांची घरटी येथे हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत गजबजलेली असतात. पात्रात मगरी आहेत. घामाघूम झालेल्या प्रवाशाने नदीत उतरण्याचा विचार मनात आणू नये.

श्रीरंगपट्टण ओलांडून पूर्वेस वळले की करिघट्टाची टेकडी दिसते. तिच्या पायथ्याशी लोकपावनी ही लहानशी नदी कावेरीला मिळते. या लोकपावनीच्या काठाकाठाने ऊस, भात आणि केळी यांच्या मधून जाणाऱ्या ग्रामीण वाटा म्हैसूर परिसरातील सर्वांत सुंदर सायकलवाटांत मोजाव्या लागतील. बेटावर गंजामची अंजिरे, टिपूचा 1784 सालचा दर्यादौलत बाग आणि पूर्णय्यांच्या कारकिर्दीत 1804 साली बांधलेला दगडी खांबांचा पूल आहे.

मराठी प्रवाशाला या प्रदेशातील आणखी काही खुणा ओळखीच्या वाटतील. उत्तरेस पांडवपुराकडून पुढे गेले की तोण्णूरचा विस्तीर्ण तलाव लागतो. मराठ्यांच्या इतिहासातील मोती तलाव तो हाच. मार्च 1771 मध्ये त्र्यंबकराव पेठे यांच्या सैन्याने या परिसरात, चिनकुरळीजवळ, हैदरअलीचा दारुण पराभव केला. वीस वर्षांनी, मे 1791 मध्ये, लॉर्ड कॉर्नवॉलिस श्रीरंगपट्टणाच्या तोंडाशी येऊनही माघारी फिरला. पाऊस सुरू झाला होता, तोफा ओढणारे बैल मेले होते आणि फौजेत धान्य उरले नव्हते. हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या फौजा मेलकोट्याच्या बाजूने आल्या, तेव्हा मराठ्यांच्या छावणीतील बाजाराने त्या उपाशी सैन्याला जगविले. पावसाळ्यात या भागातील कच्च्या वाटांवर सायकल ओढीत नेणाऱ्याला त्या बैलांची अवस्था थोडीफार समजू शकते.

आग्नेयेकडील वाट वरुणा गावावरून कावेरी-कपिलेच्या संगमावरील तिरुमकुडलू नरसीपुराकडे, आणि पुढे सोमनाथपूरला जाते. तेथील केशवमंदिर होयसळ राजा तिसरा नरसिंह याचा सेनापती सोमनाथ याने तेराव्या शतकात बांधले. 2023 साली ते जागतिक वारशाच्या यादीत आले. ही वाट सोपी दिसते आणि तीच फसवी आहे. जून ते ऑगस्ट या महिन्यांत वारा पश्चिमेचा असतो. जाताना तो पाठीशी असतो आणि जमीनही शंभर मीटरांहून अधिक उतरते; येताना तोच वारा तोंडावर आणि रस्ता चढता. कृष्णराजसागराच्या वाटेवर याउलट घडते. सकाळी वाऱ्याशी झुंजावे लागते, पण थकलेल्या माणसाला तो परतताना घरी ढकलीत आणतो. पावसाळ्यात कोणत्या दिशेला जावे, हे म्हणून मंदिरांच्या यादीवरून न ठरविता वाऱ्यावरून ठरविणे शहाणपणाचे. दक्षिणेची नंजनगुडची वाट मध्यम प्रतीची. गावाच्या रसबाळी केळ्यांची कीर्ती मोठी आहे, आणि कपिलेवरचा जुना दगडी पूल 1735 सालचा आहे. चामुंडी टेकडीचा रस्ता शहरापासून सुमारे तीनशे मीटर चढतो. तो व्यायामासाठी जाणाऱ्यांचा आहे. निसर्गशोभेसाठी जाणाऱ्याने पायऱ्यांनी जावे आणि वाटेत सतराव्या शतकातला अखंड दगडाचा नंदी पाहावा.

कालव्याकाठच्या वाटेची जी स्तुती वर केली, तिला एक गंभीर पुरवणी जोडणे भाग आहे. या काठांना पुष्कळ ठिकाणी कठडे नाहीत. नोव्हेंबर 2018 मध्ये पांडवपूर तालुक्यातील कनगनमरडी येथे विश्वेश्वरय्या कालव्यात बस कोसळून सुमारे तीस माणसे दगावली. त्यात शाळेतून घरी निघालेली मुले होती. कालव्याच्या बाजू अनेकदा अस्तरी आणि निसरड्या असतात. पोहणाऱ्यालाही त्या सहज चढून येता येत नाहीत. म्हणून एकामागे एक अशा रांगेने, पाण्यापासून दूरच्या कडेने जावे आणि अंधार पडण्यापूर्वी काठ सोडावा. हंगामाच्या अखेरीस दुसरा एक अडथळा रस्त्यावरच पसरलेला असतो. शेतकरी हुलगे आणि नाचणी मळण्यासाठी डांबरी रस्त्यावर अंथरतात. येणाऱ्या-जाणाऱ्या चाकांनी फुकट मळणी होते. त्या काडाच्या थरावर सायकल घसरते आणि काड साखळीत गुंडाळले जाते. अशा ठिकाणी खाली उतरून चालणेच बरे. शेतकरीही बहुधा हसून वाट करून देतात.

मोठ्या रस्त्यांचा प्रश्न अधिक कठीण आहे. बंगळूर-म्हैसूर द्रुतगती महामार्गाचे उद्घाटन मार्च 2023 मध्ये झाले आणि त्याच वर्षीच्या 1 ऑगस्टपासून त्याच्या मुख्य मार्गावर दुचाक्यांना व संथ वाहनांना बंदी झाली. हा निर्णय सुरक्षिततेच्या दृष्टीने योग्यच म्हणावा लागेल. तथापि सायकल, बैलगाडी, ट्रॅक्टर आणि दुधाचे कॅन बांधलेली मोटारसायकल या साऱ्यांच्या वाट्याला बाजूचे अरुंद रस्ते आले. ज्या शहराने 2017 साली ‘ट्रिन ट्रिन’ या नावाने सुमारे साडेचारशे सार्वजनिक सायकली नागरिकांसाठी रस्त्यावर आणल्या, त्या शहरातून नदीपर्यंत सायकलने निर्धास्तपणे पोहोचता येत नाही, ही उणीव खटकते. उपाय फार खर्चाचा आहे असेही नाही. जुन्या नाल्यांच्या आणि तलावांच्या बांधांवरच्या वाटा आहेतच. धोक्याच्या वळणांवर कठडा आणि मोठा रस्ता ओलांडावयास सुरक्षित जागा एवढे झाले तरी पुष्कळ होईल. तूर्त जाणकार सायकलस्वार बेळगोळ, पालहळ्ळी या गावांमधून वळसा घेऊन नदी गाठतात, आणि परतीच्या चढणीसाठी पाण्याची बाटली श्रीरंगपट्टणातच पुन्हा भरून घेतात.