चिनी मातीतल्या आरोळ्या

आपल्या हिंगोलीत कल्हईवाला आला, की तो दिसायच्या आधी त्याची आरोळी ऐकू यायची. बोहारणीचं तसंच, बांगड्या विकणाऱ्या कासाराचंही तसंच. आजचा विषय अशाच आरोळ्यांचा आहे, फक्त त्या अठराव्या शतकातल्या पॅरिसच्या आहेत.

तिथल्या फेरीवाल्यांची चित्रं काढायची जुनी पद्धत होती. अशा चित्रांच्या संचांना नावच होतं ‘पॅरिसच्या आरोळ्या’. या चित्रांवरून जर्मनीतल्या माइसेनच्या कारखान्यात चिनी मातीच्या बाहुल्या बनल्या. हा कारखाना १७१० सालचा. तोपर्यंत असली चिनी माती चीन-जपानहून यायची, आणि इतकी महाग, की तिला ‘पांढरं सोनं’ म्हणत.

१७५३ च्या सुमारास योहान योआखिम केंडलर आणि पेटर राइनिके यांनी क्रिस्तोफ ह्युए याच्या चित्रांवरून एक संच घडवला. त्यात लिंबं विकणारी बाई आहे, किडूकमिडूक वस्तू विकणारा आहे. उंची वीतभरसुद्धा नाही. धड, हात, डोकं यांचे साचे वेगवेगळे. ते भाग पातळ कालवलेल्या मातीनं जोडायचे आणि साधारण १४०० अंशांच्या भट्टीत भाजायचे. भाजताना माती आक्रसते, म्हणून साचा मुळातच मोठा ठेवावा लागतो. मग वरून रंग देऊन पुन्हा कमी आचेवर भाजायचं.

आता बघा, या बाहुल्या ठेवायच्या कुठे? श्रीमंतांच्या जेवणाच्या टेबलावर, शेवटचं गोडधोड वाढताना. आधी तिथं साखरेच्या बाहुल्या असायच्या. म्हणजे जी लिंबूवाली दारातूनच परत गेली असती, तिची बाहुली मेजवानीत मधोमध उभी! कपडे स्वच्छ, गाल गुलाबी. नाव ‘आरोळ्या’, पण आवाज तेवढा गेला.

हे काही तिकडचंच नाही. मुंबईत भायखळ्याला १८७२ साली लोकांसाठी उघडलेलं, आज डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या नावानं असलेलं संग्रहालय आहे. तिथंही वेगवेगळ्या व्यवसायांच्या माणसांच्या मातीच्या प्रतिकृती आहेत. त्या जरूर बघा. पागोटं कसं बांधायचे, हत्यार कसं धरायचे, हे त्यांच्यामुळे कळतं. पण तिथंही माणूस ओळखायचा तो धंद्यावरून.

केंडलरचं नाव राहिलं, ह्युएचं राहिलं. लिंबूवालीचं नाव कुणी विचारलंच नाही. तिच्या बाबतीत आता उशीर झालाय. आपल्या गल्लीत येणाऱ्यांच्या बाबतीत अजून झालेला नाही. खिशात फोन आहेच. त्यांना विचारून आरोळी टिपून ठेवा, आणि सोबत नावही लिहा. पुढच्या वेळी हाक मारताना ‘ओ भाजीवाले’ न म्हणता त्या नावानं मारा.