पिठाचे पंजे

हिवरा आश्रमच्या बसथांब्यावर एखादा ऐटबाज माणूस चिखलात घसरून धपकन पडला, तर तुम्हांला हसू येईल की नाही? येईलच! (मग त्याला हात द्यायलाही तुम्ही धावाल.) तो मराठी बोलतो की उर्दू, हे हसताना कोणी विचारत नाही.

सुरुवातीच्या विनोदी चित्रपटांचे असेच होते. त्यांत आवाज नव्हता. तुम्ही ज्याला ‘खामोश फिल्म’ म्हणता, त्याला मराठीत ‘मूकपट’ म्हणतात. फ्रान्समधील ल्युमिएर बंधूंचा 1895 सालचा एक मूकपट तर एक मिनिटाचाही नव्हता. माळी नळीने बागेला पाणी घालत आहे. एक खोडकर मुलगा मागून हळूच येतो आणि नळीवर पाय ठेवतो. पाणी बंद! माळी नळीच्या तोंडात डोकावतो. मुलगा पाय उचलतो. माळ्याच्या तोंडावर फवारा! शेवटी मुलाला मार मिळतो.

पाणी का थांबले, हे आपल्याला ठाऊक असते, माळ्याला नसते. म्हणून फवारा उडण्याआधीच आपण हसू लागतो.

असा विनोदी मूकपट आपल्याकडे दादासाहेब फाळके यांनीही बनवला. त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ 1913 साली मुंबईत दाखवला गेला. त्यानंतरच्या ‘मोहिनी भस्मासुर’ या पौराणिक चित्रपटाला जोडून 1914 साली त्यांनी एक छोटा विनोदी मूकपट दाखवला. त्याचे नाव ‘पिठाचे पंजे’. नाव वाचूनच हसू येते ना? पौराणिक कथा कळावी म्हणून पडद्यावर मधूनमधून मजकूर दाखवत. ज्यांना वाचता येत नसे, त्यांच्यासाठी कोणीतरी तो मोठ्याने वाचत असे. विनोदी मूकपटात मात्र हातपाय आणि चेहराच बोलत.

त्या काळी कॅमेऱ्याचा दांडा हाताने फिरवावा लागे. तो सावकाश फिरवला, की दर सेकंदाला चित्रे कमी निघत. तीच चित्रे पडद्यावर नेहमीच्या वेगाने दाखवली, की माणसे तुरुतुरु धावू लागत. साधे चालणेही गमतीचे होई.

1931 साली ‘आलम आरा’ हा बोलपट आला आणि पुढे मूकपट मागे पडले. त्यांच्या फिती चटकन पेट घेत. न जळलेल्याही कालांतराने कुजून जात. ‘पिठाचे पंजे’ची फीत आज उपलब्ध नाही. तो पाहून पोट धरून हसलेली माणसेही आता राहिली नाहीत.