कंडरेचे दुखणे आणि मज्जातंतूंची संदेशवाहक रसायने

जाम नदीच्या एका तीरावर पांढुर्णा आणि दुसऱ्या तीरावर आपले सावरगाव. भोवताली संत्र्याच्या बागा आणि कपाशीची शेते. शिडीवर चढउतार करीत संत्री तोडणारे, पाठीवर फवारणीचा पंप वाहणारे, दिवसभर कापूस वेचणारे श्रमिक आम्हां डॉक्टरांकडे नेहमी येतात, ते "शीर सुजली" अशी तक्रार घेऊन. ते जिला शीर म्हणतात ती पुष्कळदा कंडरा असते, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी चिवट दोरी. टाचेमागची धोंडशीर ही त्यांतील सर्वांत जाड.

जुनाट दुखण्यात ही शीर खरोखर सुजलेली असते काय? दीर्घकाळ आपण तसेच मानीत आलो. परंतु अशा कंडरेचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला असता दाहाच्या पेशी फारशा दिसत नाहीत. कोलॅजनचे धागे विस्कटलेले, कंडरापेशी वाढलेल्या आणि नव्या रक्तवाहिन्या आत शिरलेल्या आढळतात. १९९९ साली स्वीडनमधील हाकन आल्फ्रेडसन व सहकाऱ्यांनी दुखऱ्या धोंडशिरेत अतिसूक्ष्म नळी घालून तेथील द्रव तपासला. दाहाचे गमक असलेले प्रोस्टाग्लँडिन ई-२ वाढलेले नव्हते. वाढले होते ते ग्लुटामेट, म्हणजे मज्जातंतूंचे निरोप वाहणारे एक रसायन.

याच कुळातील दुसरे रसायन म्हणजे सबस्टन्स पी. ऑइलर आणि गॅडम यांनी ते १९३१ मध्ये शोधले. वेदनेची जाणीव वाहणारे मज्जातंतू आपल्या टोकाशी ते सोडतात. त्यामुळे रक्तवाहिन्या रुंदावतात. सशांवरील प्रयोगांत त्याने कंडरापेशींची व रक्तवाहिन्यांची वाढ वेगाने झाली. नव्या रक्तवाहिन्यांसोबत नवे मज्जातंतूही आत येतात आणि दुखण्याचे चक्र फिरत राहते. विशेष म्हणजे, अॅसिटिलकोलीन आणि अॅड्रिनॅलिनच्या गटातील रसायने घडविणारी यंत्रणा खुद्द कंडरापेशींतही आढळली आहे. अतिश्रमाने ताणलेली पेशी जणू स्वतःच मज्जापेशीची भाषा बोलू लागते.

दाहाचा वाटा मुळीच नाही, असा याचा अर्थ नव्हे. प्रतिकारक पेशींचा सहभाग अलीकडील अभ्यासांतून पुन्हा पुढे आला आहे. तसेच वेदना आणि रसायन यांचे गणितही सरळ नाही. २००३ मधील एका अभ्यासात व्यायामाने वेदना कमी झाली, तरी ग्लुटामेट उतरले नव्हते. या रसायनांना रोखणारे औषध कंडरारोगासाठी अद्याप नित्य वापरात नाही.

मग या ज्ञानाचा उपयोग कोणता? हंगाम बुडू नये म्हणून रुग्ण "एक इंजेक्शन मारा" असा आग्रह धरतो. रोजंदारीवर पोट असलेल्याचा तो आग्रह समजण्यासारखा आहे. परंतु २०१० मध्ये 'लॅन्सेट'ने प्रसिद्ध केलेल्या आढाव्यानुसार कोपराच्या दुखण्यात स्टिरॉइडने पहिले काही आठवडे आराम पडतो. पुढे मात्र इंजेक्शन न घेतलेल्यांची स्थिती अधिक चांगली राहते. उलट, १९९८ मध्ये आल्फ्रेडसन यांनी पायरीच्या कडेवर उभे राहून टाच सावकाश खाली नेण्याचा व्यायाम रोज १८० वेळा, १२ आठवडे करवून घेतला. १५ही हौशी धावपटू पुन्हा धावू लागले.

म्हणून रुग्णास पूर्ण विश्रांती न सांगता काम बदलून द्यावे, भार बेताने वाढवावा आणि सुधारणेस महिने लागतात हे प्रथम भेटीतच स्पष्ट करावे. सोसवेल इतके दुखणे म्हणजे शीर तुटणे नव्हे, हेही समजावून सांगावे. मात्र टाचेमागे अचानक फटका बसल्यासारखे वाटून चवड्यावर उभे राहता येत नसेल, तर विलंब न करता रुग्णालय गाठावे. सिप्रोफ्लॉक्सासिनच्या गटातील औषधांनी कंडरा तुटण्याचा धोका वाढतो, विशेषतः वृद्धांत व स्टिरॉइड घेणाऱ्यांत, हे समव्यवसायी मित्रांनी ध्यानी ठेवावे.

श्रमिकाचे हातपाय हेच त्याचे भांडवल. एका हंगामाच्या आरामासाठी पुढचे हंगाम गहाण पडू नयेत, एवढी दक्षता आपण घेऊ शकतो.