माळवद पडलं, पण मातीमुळे नव्हे

एप्रिल-मेमध्ये अणदूरला स्लॅबच्या घरात जुहरची नमाज पढून उठलं की कुर्ता पाठीला चिकटलेला असतो. घरातले बुजुर्ग मग माळवदाच्या गारव्याची आठवण काढतात. पोरं लगेच म्हणतात, "किल्लारी विसरलात का?"

विसरण्यासारखं नाहीच ते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर-उस्मानाबादकडची माणसं झोपेतच घराखाली गाडली गेली. पण दोष मातीचा नव्हता. गळती लागली की माळवदावर नवी माती टाकायची, असे वर्षानुवर्षं थर चढत गेले आणि छताचं ओझं वाढत गेलं. खालची भिंत दिसायला जाड, आतून मात्र दगडाच्या दोन वेगळ्या भिंती आणि मध्ये गोटे-मातीचा भराव. दोन्हींना बांधून ठेवणारा आरपार दगड नाही. हादरा बसताच भिंती फुगून सुटल्या आणि ओझं खाली आलं.

म्हणून ज्यांचं जुनं घर शाबूत आहे त्यांनी ते घाईने पाडू नये. छतावरची जास्तीची माती उतरवता येते. भिंतीत ठिकठिकाणी आरपार भोक पाडून, सळई घालून काँक्रीट भरता येतं. भूकंपानंतरच्या दुरुस्तीत हीच पद्धत होती. मात्र इंजिनिअरला दाखवूनच करा, नुसत्या अंदाजावर नको.

स्लॅबवाल्यांनी निदान मार्चमध्ये गच्ची धुऊन चुन्याचे दोन हात द्यावेत. पांढरा पृष्ठभाग ऊन परतवतो. खर्च किरकोळ आहे, आळसच जास्त आड येतो.

त्याच गच्चीचं पाणीही आपण वाया घालवतो. ५०० चौरस फूट गच्चीवर ६०० मिलिमीटर पाऊस पडला तर साधारण २८ हजार लिटर पाणी होतं. थोडं वाया गेलं तरी वीस हजार कुठे जात नाही. पहिला पाऊस तेवढा वाहू द्यायचा. पाहुण्यांना आपण शेजारच्या नळदुर्गला नेऊन इब्राहिम आदिलशाहाच्या काळातला पाणीमहाल दाखवतो, बोरी नदीवरच्या बंधाऱ्यातच बांधलेला. आणि घरी मात्र टँकरची वाट बघतो!

वुजूचंही तेच. हुजूर (स.) एका मुद्द पाण्यात वुजू करत, असं हदीसमध्ये आहे. मुद्द म्हणजे एक लिटरसुद्धा नाही. आपला नळ मात्र मसह करतानाही चालूच असतो. वुजूच्या पाण्यात साबण नसतो, ते झाडांना चालतं. मशिदीच्या वुजूखान्याची नाली गटारीऐवजी आवारातल्या लिंबाकडे वळवायला थोडा पाईप आणि प्लंबरची अर्ध्या दिवसाची मजुरी पुरते.